सभेने ठरवलेली गाडी

माझ्या नवऱ्याने घरात आणलेली एकच वस्तू अजून बिघडलेली नाही, ती म्हणजे सभा. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होता, आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. ड्युटीवरून आला की मंडळाच्या नाहीतर युनियनच्या बैठकीला जायचा आणि तिथे शिकलेलं घरात वापरायचा. पंखा घ्यायचा की कूलर, मुलाला कोणत्या शाळेत घालायचं, माझ्या नणंदेला उन्हाळ्यात बोलवायचं की नाही, सगळ्याला सभा. अध्यक्ष तो. मग सूचक, अनुमोदक, आणि हात वर करा. मत कोणाला, तर ज्याला वर्तमानपत्र मोठ्याने वाचता येतं त्याला. मी चौथी पास, म्हणून मला मत होतं. त्याच्या आईला नव्हतं. ती चुलीपाशी बसून आमचे वर गेलेले हात पाहायची. मला तिची कधी दया आली नाही.

नवरा मेला, आम्ही नागपूरला आलो, सभा चालूच राहिली. आता अध्यक्ष मुलगा. दिवाणखान्यात संविधानाची उद्देशिका टांगली आहे, तिच्याखाली तो बसतो आणि घसा खाकरतो.

माझी धाकटी बहीण काटोलला असते. तिचा नवरा संत्र्याच्या व्यापारात होता, तोही गेला. तिला लकवा मारला, उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. तेव्हापासून ती खाटेवर. तिचं बोलणं माझ्याशिवाय कोणाला नीट समजत नाही, तिच्या पोटच्या मुलालाही नाही. महिन्यातून एकदा माझा मुलगा मला तिच्याकडे न्यायचा. जुनी गाडी लहान आणि बुटकी होती. पुढच्या सीटवर आधी बूड टेकवायचं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. माझ्या गुडघ्यांना तेवढंच जमतं. बसची पायरी मला चढता येत नाही. काटोलला जाऊन आम्ही दोघी काही गळ्यात पडून रडत नव्हतो. भांडायचो. पण भांडायला तिला मीच लागायची आणि मला ती.

म्हणून घरात नव्या गाडीची गोष्ट निघाली तेव्हा बाकीचे रंग आणि मायलेज बोलत होते. मी एकच पाहत होते, माझं काटोल राहतं की जातं.

गाडी बदलायचं कारण सुनेचं पोट. नात नऊ वर्षांची झाल्यावर सुनेला पुन्हा दिवस गेले आणि डॉक्टरने जुळे सांगितले. मी म्हटलं, "इतकी वर्षं काही जमलं नाही, आता एकदम ठोक भावात आणलं." सून रडली. तिला रडायला तसं कारण लागत नाही. मग तिची आई आली. ती विधवा, आणि सून एकुलती एक, म्हणून बाळंतपणाचं निमित्त करून सगळं सामान घेऊनच आली. बाळंतपणाला कोणी शिलाई मशीन घेऊन येतं का? जेवताना तिच्या तोंडाचा आवाज येतो. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिने ताट उचललं आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात जेवते.

मुलगा, सून, नात, दोन येणारे, विहीण आणि मी. सात सीटची गाडी पाहिजे, यावर मत घ्यावं लागलं नाही. कोणती, यावर लागलं.

मुलाला उंच गाडी हवी होती, ती एसयूव्ही. तो उंचीने बापाहून बोटभर कमी आहे, आणि ते त्याला शाळेपासून सलतं. तो रोज जेवताना मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहायचा.

"रोडवर कशी उठून दिसते पाह्य ना आई."

"गाडी दिसते. तू कुठं दिसतं तिच्यात?"

सून हसली. तेवढ्यापुरती ती मला बरी वाटली.

तिला व्हॅन हवी होती. ती काही फार बोलली नाही, पण शोरूममध्ये व्हॅनचं दार तिने बाजूला सरकवलं, बंद केलं, पुन्हा सरकवलं. पोट एवढं पुढे आलेलं, तरी एका हाताने सरकत होतं. मी साडी थोडी वर धरली आणि आत पाय टाकला. गाडीचा तळ खाली होता, घराचा उंबरठा ओलांडावा तसा. मधल्या दोन सीटांमधून वाट होती. मी चालत शेवटच्या रांगेत गेले, बसले, उठले, उतरले. कोणाचा हात धरावा लागला नाही.

"स्कूल व्हॅन वाटते," मुलगा म्हणाला. "कॉलनीतले म्हणतील, नोकरी सोडून पोरं पोहोचवायचा धंदा सुरू केला."

"नोकरीत तरी दुसरं काय करतं?" मी म्हटलं.

मग आम्ही दुसऱ्या शोरूममध्ये गेलो. तिथे एसयूव्ही उभी होती, काळी, म्हशीएवढी. शेवटच्या रांगेत जायचं तर मधली सीट पुढे पाडायची, पायरीवर चढायचं, कमरेत वाकायचं आणि त्या फटीतून आत घुसायचं. मुलगा म्हणाला, "आई, बसून तर पाह्य." मी एक पाय वर टाकला. दुसरा आला नाही. हात सीटच्या पट्ट्याला, डोकं छताला, आणि बाकीची मी शोरूममध्ये लोंबकळत. सेल्समन मागे हात पसरून उभा होता. धरावं की धरू नये हे त्याला कळत नव्हतं. नात मोबाईलवर व्हिडिओ घेत होती.

"आजी, थांब! अशीच थांब ना!"

मला खाली ओढून घेतलं. विहीण खुर्चीत बसून शोरूमचा फुकटचा चहा पीत होती. ती ना व्हॅनमध्ये चढली ना यात. मी मनात म्हटलं, हिला काय, जावई म्हणेल ती गाडी हिला चालेल.

सेल्समन म्हणाला, "मॅडम, थर्ड रो तशी मुलांसाठीच असते. नाहीतर सीट पाडून सामान ठेवायचं."

"आई तशी जास्त कुठे जात नाही," मुलगा त्याला म्हणाला.

"आणि काटोल?" मी विचारलं.

"काटोल आता किती दिवस आहे, आई."

म्हणजे माझी बहीण किती दिवस आहे. हे बोलताना त्याला काही वाटलं नाही. मी वाढवलेला मुलगा आहे, वाटणार कसं?

रविवारी सकाळी सभा झाली. मुलाने बाहेरून तर्री-पोहे आणले होते. मतदानाआधी खायला घालायचं हे तो बापाकडूनच शिकला. अध्यक्षही तो आणि सूचकही तोच. नियमात बसत नाही, पण बापही तसंच करायचा. नातीने अनुमोदन दिलं. ती वर्तमानपत्र अडखळत वाचते, पण वाचते, म्हणून तिला मत आहे. तिला गाडीच्या छताची खिडकी पाहिजे होती, त्यातून डोकं बाहेर काढायला.

मी हिशेब केला. मुलगा आणि नात तिकडे. सून आणि मी इकडे. उरली विहीण. ती जावयाचं खाते, हात त्याच्याच बाजूने वर करणार. तिचा हात चहाच्या कपावरून उठतच होता, तेवढ्यात मी बोलले.

"एक मुद्दा आहे. विहीणबाईले मत काहून?"

"आई, मम्मी आता इथंच राहून राहिली ना," सून म्हणाली.

"भाडेकरूही राहते. म्हणून काय त्याले विचारून घरात गाडी आणाची? त्या पाहुण्या आहेत. पाहुण्याले चहा देतात, मत नाही देत."

"मुद्दा नियमाला धरून आहे," मुलगा लगेच म्हणाला. "सासूबाईंना मत नाही."

मी काही म्हटलं आणि या मुलाने इतक्या पटकन मानलं, असं त्याच्या जन्मापासून झालेलं नाही. तिथेच मी सावध व्हायला पाहिजे होतं. नाही झाले. विहिणीने हात खाली घेतला आणि पोह्यांच्या रिकाम्या प्लेटी गोळा करायला लागली. दोन मतं इकडे, दोन तिकडे. मला वाटलं, आता विषय पुढच्या रविवारवर जाईल; पण समान झाली तर अध्यक्षाचं मत जास्तीचं, हा बापाचा जुना नियम मुलाने काढला. उंच गाडी ठरली. नातीने टाळ्या वाजवल्या. सून पोटावर हात ठेवून आत गेली.

त्याच दिवशी दुपारी विहीण मेथी निवडत होती. मी पाणी प्यायला गेले.

"विहीणबाई," ती मान वर न करता म्हणाली, "मी व्हॅनलेच हात वर करून राहिली होती."

"तुम्ही? कायले?"

"माहे गुडघे तुमच्याहून खराब आहेत. शोरूमात म्हणून तं चढून नाही पाह्यलं. चारचौघांत पडली असती तं? जावयाले मी पहिलेच सांगितलं होतं, व्हॅन घ्या म्हणून."

म्हणजे मुलाला माहीत होतं. म्हणून तो नियमाला धरून होता.

"मंग सभेत बोलल्या काहून नाही?"

"पाहुणे बोलत नाहीत," ती म्हणाली.

मी ग्लास उपडा घातला. म्हटलं, "मेथीच्या काड्या नीट काढा. मागच्या वेळी दातात आल्या होत्या."

वाईट वाटलं. तिच्यासाठी नाही. हातात आलेलं मत मी स्वतः काढून फेकलं, त्याचं वाटलं. तरी आज तीच सभा पुन्हा झाली आणि मला हे माहीत नसलं, तर मी तेच बोलेन. पाहुणी ती पाहुणीच.

जुनी गाडी बदल्यात गेली. नवी फाटकात आली तेव्हा शेजारी बाहेर येऊन पाहत होते, आणि मुलगा उगाचच तिच्याभोवती फिरत होता. महिन्याभरात सुनेचं ऑपरेशन झालं, दोन मुलगे. दोन्ही लाल, सुरकुतलेले. मी म्हटलं, "जोडीनं आले, पण एकही धड नाही." आता जरा माणसासारखे दिसतात.

बाळंतीण उठून बसायला लागली आणि तिने पहिलं काम काय केलं, तर सभा बोलवायला लावली. सूचना तिची: मम्मी कायमची इथेच राहणार, मम्मी घरची, मम्मीला मत. माझा एकटीचा हात विरोधात. त्याच बैठकीत दुसरा विषय निघाला, गाडीत कोणी कुठे बसायचं.

चालवणार मुलगा. त्याच्या शेजारी सून, कारण मागे बसली की तिला ओकारी होते. मधल्या रांगेत बाळांच्या दोन सीटा बांधलेल्या आणि डाव्या दाराशी विहीण, कारण बाळं तिच्याजवळ गप्प राहतात. शेवटच्या रांगेत नात आणि मी.

"मले पुढं बसव," मी म्हटलं. "बस झालं."

"ती ओकते ना, आई."

"ओकू दे. पिशवी दे हातात."

मत घेतलं. चौघांचे हात माझ्याविरुद्ध. सगळ्यात आधी विहिणीचा, आणि कोपर न वाकवता, सरळ. त्या बाईबद्दल मला पहिल्यांदाच थोडी इज्जत वाटली.

मी मुलाला म्हटलं, काटोलला मला भाड्याची गाडी करून दे. तो म्हणाला, "घरी एवढी मोठी गाडी उभी असताना तू भाड्यानं जाशील? काटोलचे लोक काय म्हणतील?" त्याला काटोलच्या लोकांची फार काळजी. बहिणीला पाहून तोवर बरेच महिने झाले होते. मग भाच्याचा फोन आला.

"मावशी, आई जेवून नाही राहिली. काही तरी बडबड करते, तुझं नाव घेते. शिव्याच देते वाटते."

"शिव्याच असतील," मी म्हटलं. "येते मी."

नवी गाडी आणि बाळं काटोलला दाखवायला सगळेच निघाले, म्हणजे माझी जागा मागेच. आता मला आत कसं घालायचं? ते डोकं मुलानेच चालवलं. आमच्या फाटकाशी ओटा आहे, जवळजवळ गाडीच्या दारापर्यंत उंच. त्याने गाडी मागे घेत घेत ओट्याला लावली, मधली सीट पाडली. मी ओट्यावरून सरळ आत पाय टाकला, वाकले, विहिणीच्या सीटला धरून मागे सरकले आणि धपकन बसले. मुलगा इतका खूश झाला की त्याने फोटो काढला. मग सीट उभी केली, तिच्यावर विहीण बसली, तिच्या पलीकडे दोन्ही बाळं. घरात पाच जणं मत देणारी, त्यातली दोन इंग्रजी शिकलेली. एकालाही सुचलं नाही की काटोलला ओटा नाही. मलाही नाही.

वाटेत प्रत्येक खड्डा आधी माझ्या कमरेला कळला, मग पुढच्यांना. नात कानात वायर घालून बसली होती.

बहिणीची गल्ली अरुंद. गाडी उजव्या बाजूने तिच्या घराच्या इतकी जवळ उभी राहिली की त्या बाजूचं दार उघडेना. सगळे डावीकडून उतरले. विहिणीला भाच्याने आणि मुलाने दोन्हीकडून धरून खाली घेतलं. मग सीट पाडली.

"ये, आई."

मी फटीपर्यंत आले. वाकलेली, एक हात छताला, खाली पाहिलं. रस्ता कुठल्या कुठे. गुडघा पुढे टाकायचा म्हटलं तर तो मुडपेना, मागे घ्यायचा तर सरळ होईना. भाच्याने प्लास्टिकची खुर्ची लावली, ती उतारावर डुगडुगत होती. शेजारणी दारात आल्या होत्या. एकीच्या हातात अजून कणकेचा गोळा होता.

"मावशी, मी उचलून घेतो," भाचा म्हणाला.

"हात लावू नको."

"आता एवढं इथवर येऊन..." मुलगा म्हणाला.

"तूच आणलं. मी कोणाले उचलू देणार नाही, बस."

मला पोत्यासारखं उतरवून घ्यायचं नव्हतं, त्या कणीकवालीसमोर तर मुळीच नाही. मी मागे सरकले आणि पुन्हा बसले. मग भाच्याने आणि मुलाने बहिणीची खाट ओढत दारापर्यंत आणली. मला ती माझ्या बाजूच्या काचेतून दिसली. बारीक झाली होती. उशीवर डोकं एका बाजूला कलंडलेलं. मी काच खाली करायला गेले, तर तिला काही बटणच नव्हतं. शेवटच्या रांगेची काच उघडत नाही. आवाज पलीकडे जात नव्हता, तिचा तर असाही जात नाही. नातीने मला मोबाईल दिला, भाच्याने त्याचा बहिणीच्या कानाला लावला. चार हातांवर ती, आणि फोनवर बोलणं.

"बाई, उतर ना वं," ती म्हणाली. ती मला बाईच म्हणते.

"नाही उतरता येत."

"मंग आली काहून?"

"तू जेवत नाही म्हणे."

"तुले काचेतून पाहून मले भूक लागीन का?"

"तुह्यं तोंड आणखी वाकडं झालं."

"तुह्यं तं दिसूनच नाही राहिलं. काच काळी आहे. मले नुसती गाडीच दिसून राहिली."

हे मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे पाहून हात हलवत होते, डोक्यावरचा पदर नीट करत होते. तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. ती काळ्या पत्र्याशी बोलत होती. मी काचेला तोंड लावलं. ती म्हणाली, नाही दिसत. मी थोबाड चपटं होईपर्यंत लावलं. नाही दिसत, म्हणाली.

"ही कोण वं माह्यापाशी बसली?"

"माही विहीण."

"बरी आहे. माही लाळ पुसली तिनं."

"तिले दुसरं काम नाही."

विहीण खाटेजवळच्या खुर्चीत बसली होती. त्या खुर्चीत मी बसायचे. भाच्याच्या बायकोने दूधभाताची वाटी आणली, विहिणीने ती हातात घेतली. बोटांनी भात मऊ केला, बहिणीच्या ओठाच्या चांगल्या बाजूने घास आत सरकवला आणि हनुवटी वर धरली. बहिणीने गिळला. दुसरा घास, तिसरा. विहिणीने एकदाही गाडीकडे पाहिलं नाही. इतका वेळ कोणी गाडीकडे न पाहता राहू शकत नाही. ती मुद्दाम पाहत नव्हती.

वाटी संपली. बहीण पुन्हा फोनवर आली.

"बाई, अशी नको येत जाऊ. मले वाटते तुले कोणी कोंडून आणलं."

"नाही येणार."

"हव. नको येऊ."

भाच्याने फोन काढून घेतला. आम्ही निघालो. ओट्याला गाडी लागली, मी उतरले. मुलगा म्हणाला, "शेवटी भेट झाली ना, आई?" मी म्हटलं, झाली. त्याला तेवढंच ऐकायचं होतं.

त्यानंतर मी त्या गाडीत बसलेली नाही. आता महिन्यातून एकदा विहीण काटोलला जाते. बहीण तिच्या हातचं जेवते आणि विहिणीला तिचं बोलणं आता समजतं. परत आली की ती मला सांगते, आज इतकं खाल्लं, आज असं म्हणाली. मी विचारत नाही, तरी सांगते. मी कूकरची शिटी मोजते आणि ऐकते.

जायच्या दिवशी भात मी शिजवते, पेजेसारखा मऊ, दूध घालून डब्यात भरते आणि डबा विहिणीच्या मांडीवर ठेवते. मीठ घालत नाही. ते तिथे जाऊन विहिणीने घालावं. सगळं आयतं कशाला?